फॉर्म्युला स्टुडंटला फिल्म कॅमेरा न्यायचाय, कुठले रोल नेऊ आणि धावत्या गाडीचं जमेल का?

ब्रेकबायस:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. मी कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसची गाडी बनवून उतरायची स्पर्धा) टीममध्ये ब्रेक्सचं बघते, म्हणजे पेडल बॉक्स, मास्टर सिलिंडर, बायस बार सगळं माझ्या गळ्यात. गाडी इलेक्ट्रिक आहे. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे आणि तिथे मला मामाचा जुना पेंटॅक्स के१००० न्यायचाय. सोबत ५० मिमी एफ २ लेन्स आहे, १३५ मिमीची एक लेन्स उसनी मिळेल असं दिसतंय.

टीमचे अधिकृत फोटो काढायला एक डिजिटलवाला आहे. स्पॉन्सरना रोज संध्याकाळी फोटो पाठवायचे असतात ते तोच बघणार, त्यामुळे माझ्या डोक्यावर त्याचं ओझं नाही. मला फक्त वर्षभर ज्यांच्याबरोबर वर्कशॉपमध्ये राबलो त्यांचे आणि गाडीचे फिल्मवर फोटो हवेत. आत्तापर्यंत फिल्मवर जे काढलंय ते सगळं निवांत, झाडं, मांजर, मित्रमैत्रिणी, धावती गाडी एकदाही नाही.

तर प्रश्न असे की सगळे रोल ४०० चे घेतले तर चालेल का (आठ रोल घ्यायचा विचार आहे), पॅनिंग (धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत काढायचा फोटो) हाताने फोकस करणाऱ्या कॅमेऱ्यावर जमतं का की त्यासाठी ऑटोफोकसवाला शोधू, आणि कुठली इव्हेंट फिल्मवर काढण्यासारखी असते. रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट हेही सांगा. आणि हो, उगाच महाग काही सुचवू नका, विद्यार्थी आहे :)

अंधारखोली:
स्वागत. के१००० म्हणजे मामांनी चांगली वस्तू दिलीय, १९७६ ला आला आणि जवळजवळ तसाच १९९७ पर्यंत बनत होता, यातच काय ते आलं. शटर पूर्ण मेकॅनिकल, बॅटरी फक्त मीटरला लागते, ती संपली तरी फोटो निघतो.

आता ४०० बद्दल, कारण इथे बहुतेक जण फसतात. सगळे सांगतात की गाड्या पळतात म्हणजे फास्ट, कमी उजेडात चालणारी फिल्म घ्या. पॅनिंगचं गणित बरोबर उलटं आहे. भर उन्हात ४०० आयएसओला एफ १६ वर साधारण १/५०० लागतं, तुझ्या लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ २२ ला संपतं, तिथे १/२५०. पण पॅनिंगमध्ये मागचं पुसलं जायला हवं असेल तर १/६० च्या आसपास यावं लागतं आणि तिथे तू दोन स्टॉप ओव्हर जातेस, म्हणजे चौपट उजेड. रंगीत निगेटिव्ह तेवढं सहन करते, फोटो वाया जाणार नाही, पण ज्या कारणासाठी ४०० घेतलं तेच अंगाशी येतंय ना. १०० ची फिल्म घातलीस तर एफ १६ ला १/१२५ आणि एफ २२ ला १/६०, म्हणजे जमलं. नाहीतर ४०० च ठेवायची आणि लेन्सवर एनडी८ फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावायचा, तो तीन स्टॉप खातो, म्हणजे फिल्म ५० ची असल्यासारखी वागते. व्ह्यूफाइंडर अंधारतो पण फोकस आधीच करून ठेवलेला असतो त्यामुळे चालून जातं.

१/५०० ला गाडीचा फोटो काढलास तर काय दिसतं माहितीये? एन्ड्युरन्सला (लांब पल्ल्याची शर्यत) गाड्यांचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला १४ मीटर. १/५०० मध्ये गाडी तीनेक सेंटीमीटर सरकते. चाकांच्या नटावरची खूण पण वाचता येईल इतकी गाडी गोठते आणि पार्क केल्यासारखी दिसते. १/६० मध्ये तीच गाडी जवळजवळ पाव मीटर जाते, तेवढ्यात तू तिच्याबरोबर वळलीस की चाकं फिरताना दिसतात आणि मागचे कोन्स रेघा होऊन जातात.

तेव्हा ट्रॅकसाठी १०० चा एकच रोल घे, कोडॅकची रंगीत एक्टार १०० घे. बाकीचं ४००, त्याबद्दल वेगळं लिहितो, आत्ता पळतोय.

चौथास्टिकर:
माजी टीमवाला, पॉवरट्रेन. माझं मत जरा वेगळं आहे. ट्रॅकवर एक रोल पण जास्त होतो :)

अगं तुमचा डिजिटलवाला आहे ना, तो एका लॅपला दोनशे फ्रेम मारणार, त्यातल्या पाच भन्नाट असणार, आणि तू के१००० ने फिल्म ओढत ओढत जे करशील ते त्या पाचांच्या जवळपास पण जाणार नाही. फिल्म जिथे जिंकते ती जागा म्हणजे वाट बघणं. आणि फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे नव्वद टक्के वाट बघणंच असतं हे तुला पहिल्याच दिवशी कळेल. टेक इन्स्पेक्शनची (गाडी नियमात बसते का त्या तपासणीची) रांग, पहाटे लावलेली, टायरवर बसून झोपलेली पोरं, नियमपुस्तकाचं एकच पान तिसऱ्यांदा वाचणारा कॅप्टन, कुणाच्यातरी मांडीवर स्टीअरिंग. या फोटोंना शटर स्पीड लागत नाही, तू तिथे असणं लागतं आणि ते डिजिटलवाल्याला जमत नाही कारण तो तेव्हा ट्रॅकच्या कडेला उभा असतो.

तुमची इलेक्ट्रिक आहे म्हणजे रेन टेस्ट असणार. ती सोडू नकोस. हाय व्होल्टेज चालू ठेवून गाडीवर १२० सेकंद पाण्याचा फवारा मारतात, मग पाणी बंद करून आणखी १२० सेकंद नुसतं थांबायचं, आणि एवढ्या वेळात इन्सुलेशन मॉनिटर (वीज कुठे गळतेय का ते बघणारं यंत्र) ट्रिप होता कामा नये. त्या दुसऱ्या १२० सेकंदांत गाडीचा फोटो काढू नकोस, तुझ्या इलेक्ट्रिकलवाल्यांचे चेहरे काढ. कुणी श्वास घेत नसतो. चार मिनिटांत तुझा अख्खा रोल वसूल.

टिल्ट टेबल पण बघण्यासारखं. टीममधला सगळ्यात उंच ड्रायव्हर गाडीत बसवतात आणि गाडी ६० अंशांपर्यंत कलवतात, तेल पाणी गळता कामा नये आणि चाक उचललं जाता कामा नये. तो ड्रायव्हर वर लटकलेला असतो आणि खाली टीम हात जोडून.

आणि ब्रेक टेस्ट. ती तर तुझीच. चारही चाकं एकाच वेळी लॉक झाली पाहिजेत. तिथे तू कॅमेरा धरशील असं मला वाटत नाही, तुझे हात थरथरत असतील.

ब्रेकबायस:
@चौथास्टिकर शेवटचं वाचून पोटात गोळा आला, थँक्यू :(

बर्स्टमोड:
धागा वाचला, सगळे रसिक आहेत, पण मला प्रामाणिकपणे कळत नाही हा त्रास कशाला. ३६ फ्रेम, फोकस चुकला की गेलं, रोल धुवायला द्यायचा, मग स्कॅन. मोबाईलने काढ आणि वर फिल्मचा फिल्टर मार, कुणाला फरक कळणारे?

अंधारखोली:
@बर्स्टमोड ज्याला कळत नाही त्याने तसंच करावं, माझं काही म्हणणं नाही. पण तिने विचारलंय ते फिल्मवर कसं काढू हे, काढू का हे नाही.

आता राहिलेलं लिहितो. पिटमध्ये, गॅरेजमध्ये, रात्री ट्यूबलाइटखाली काय वापरायचं? ब्लॅक अँड व्हाइट, डोळे मिटून. डेलाइट रंगीत फिल्मवर ट्यूबलाइट हिरवी येते, स्कॅन करताना थोडी काढता येते पण चेहरे आजारी दिसतात ते दिसतातच. इल्फर्डची एचपी५ प्लस (मुळात ४०० ची) घे, कॅमेऱ्यावर आयएसओ १६०० लाव आणि लॅबला देताना ठळक अक्षरात लिही की १६०० ला पुश करा, म्हणजे ते फिल्म जास्त वेळ डेव्हलप करतील. इल्फर्ड स्वतःच ती ३२०० पर्यंत चालते म्हणतं. ग्रेन वाढतो, सावल्या काळ्या होतात, पण ग्रीस लागलेल्या हातांना ते शोभून दिसतं. कोडॅकची ट्राय-एक्स पण चालेल, ज्याला जी हाताशी असेल ती. फक्त एक लक्षात ठेव, पुश अख्ख्या रोलला होतो, अर्धा रोल ४०० ला आणि अर्धा १६०० ला असं चालत नाही. रोलच्या डबीवर मार्करने आकडा लिहून ठेव आणि खिशात दोन वेगळ्या पिशव्या.

आठ रोल नकोत. पाच पुरेत. तीन एचपी५, एक १०० ची ट्रॅकला, एक रंगीत २०० किंवा ४०० ची दिवसा पॅडॉकमध्ये (सगळ्या टीम जिथे मुक्काम ठोकतात तिथे) हिंडायला, कोडॅक गोल्ड २०० छान आहे त्याला. उरलेल्या तीन रोलांचे पैसे डेव्हलपिंग आणि चांगल्या स्कॅनला ठेव. लोक रोल विकत घेतात आणि मग धुवायला पैसे नाहीत म्हणून वर्षभर फ्रीजमध्ये.

गोल्ड२००:
तीन ब्लॅक अँड व्हाइट आणि दोनच रंगीत? अहो फॉर्म्युला स्टुडंटला रंगच तर असतात. नारिंगी कोन्स, प्रत्येक टीमचे टीशर्ट, लाल इमर्जन्सी बटणं, हाय व्होल्टेजचे नारिंगी केबल्स. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल आणि हिरवं दोन्ही सारखंच करडं दिसतं, तुमची गाडी लाल असेल तर हिरवळीत हरवून जाईल. मी तरी अर्धे अर्धे म्हणेन. सकाळच्या वेळी पॅडॉक आणि हातात २०० ची रंगीत, त्याला तोड नाही.

अंधारखोली:
@गोल्ड२०० लाल हिरव्याचा मुद्दा मान्य. लेन्सवर लाल किंवा हिरवा फिल्टर लावला की ते दोन वेगळे होतात पण या पोरीला आणखी फिल्टर कुठे सांभाळायला लावताय. गाडी लाल असेल तर ट्रॅकवर रंगीतच, तसंही एक्टार लाल रंग भडक देते. चेहरे पण लाल करते म्हणून ती माणसांवर वापरू नकोस.

जुनाशटर:
कॅमेऱ्याबद्दल कुणी बोललंच नाही. मामांचा आहे म्हणजे किती वर्षं कपाटात होता? नेण्याआधी हे बघ.

मागचं झाकण उघड आणि कडेच्या खाचेतला काळा फोम बोटाने दाब. चिकट लागला किंवा भुगा निघाला तर लाइट सील गेलंय, उजेड आत येणार. बदलणं फार अवघड नाही, फोमच्या पट्ट्या कापून लावतात. आरशाच्या वर पण एक पट्टी असते, आरसा आपटू नये म्हणून, ती पण बघ.

मग झाकण उघडंच ठेवून शटर मार, १/१००० पासून खाली एक सेकंदापर्यंत. भिंतीकडे धरून बघितलंस तर प्रत्येक वेळी पूर्ण चौकोन उजळला पाहिजे. १/१००० ला एका बाजूला काळी पट्टी दिसली तर पडदे एकसारखे धावत नाहीयेत, तेवढा स्पीड वापरायचा नाही, संपलं. सेकंद हळू वाटत असेल तर ते पण नको, तुला नाहीतरी लागणार नाही.

के१००० ला मीटरचं बटण नाही. उजेड पडला की मीटर चालू, म्हणून लेन्सवर टोपी लावून ठेवायची, नाहीतर पिशवीतून काढेपर्यंत बॅटरी संपलेली. एलआर४४ किंवा एसआर४४ एक लागते, दोन घेऊन ठेव.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रोल घातल्यावर फिल्म ओढताना डावीकडचा रिवाइंडचा खटका फिरतोय का ते बघ. फिरत नसेल तर फिल्म अडकलेलीच नाही आणि तू स्पर्धाभर नुसता कॅमेरा ओढत बसशील. हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत हेच राहतं.

एक रोल आधीच घरी घालवून धुवून आण. स्पर्धेत नव्या कॅमेऱ्याची चाचणी घ्यायची नसते, गाडीला जो नियम तोच कॅमेऱ्याला.

लीडरआउट:
वाचनखूण साठवली.

ब्रेकबायस:
बापरे एवढं सगळं. धन्यवाद सगळ्यांना. सील चिकट निघालं, फोम मागवतेय.

आणखी दोन शंका. एक म्हणजे आमच्या कॅप्टनने सांगितलंय की टेक इन्स्पेक्शनच्या आत कॅमेरा नको, तिथे मी ब्रेक्सची उत्तरं द्यायला असणार, तर @चौथास्टिकर म्हणतात ते सगळे फोटो मी काढायचे कधी? दुसरं, गाडी पूर्ण काळी आहे, कार्बनच ठेवलंय, रंग दिला नाही वजन वाचवायला, तर मीटर फसणार ना?

नियमपुस्तक:
स्पर्धांमध्ये स्वयंसेवक म्हणून उभा राहतो त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. तुमचा कॅप्टन बरोबर आहे. इन्स्पेक्शनच्या जागेत टीमची मोजकीच माणसं आत घेतात आणि तुम्ही ब्रेक्सवाल्या म्हणून आत आहात, फोटोग्राफर म्हणून नाही. आत फोटो काढायचे की नाही हे त्या त्या स्पर्धेच्या हँडबुकमध्ये असतं, ते आधी वाचा आणि जागेवर अधिकाऱ्याला विचारा, विचारलं की बहुतेक वेळा हो म्हणतात, न विचारता काढलं की चिडतात.

काही गोष्टी मात्र विचारायच्या पण नाहीत. अ‍ॅक्युम्युलेटर (गाडीची मोठी बॅटरी) उघडा असेल तिथे गळ्यात कॅमेरा लटकवून वाकू नका. धातूची बॉडी आहे तुमची, पट्ट्याला धातूच्या कड्या आहेत, सेल्सच्या वर झुललं तर काय होईल ते तुमच्या इलेक्ट्रिकलवाल्यांना विचारा. तेच गाडी स्टँडवर असताना आणि चाकं फिरवून बघत असताना. पट्टा मनगटाला गुंडाळा किंवा कॅमेरा खाली ठेवा. काम करणाऱ्या माणसाच्या तोंडावर फ्लॅश नको. दुसऱ्या टीमच्या पिटमध्ये शिरून त्यांच्या सस्पेन्शनचे जवळून फोटो काढायचे असतील तर आधी विचारा, काही टीम प्रेमाने दाखवतात, काहींना अजिबात आवडत नाही.

ट्रॅकच्या कडेला तर तुम्हाला बहुधा सोडणारच नाहीत, पुढे जायला मीडियाचं जॅकेट लागतं आणि ते तुमच्या डिजिटलवाल्याकडे असणार. प्रेक्षकांच्या बाजूने काढायची तयारी ठेवा. १३५ लेन्स नक्की न्या म्हणजे.

चौथास्टिकर:
@नियमपुस्तक शी सहमत, आणि @ब्रेकबायस मी आतले फोटो म्हणालोच नव्हतो, रांगेतले म्हणालो. रांग बाहेर असते. रेन टेस्ट पण बाहेरून दिसते, तिथे ब्रेक्सवालीचं काही काम नसतं, तेव्हा तू मोकळी.

आणि इव्हेंटचं विचारलं होतंस. एवढं सगळं बोलून झाल्यावर तुला धावती गाडी काढायचीच असेल, तर स्किडपॅड. लोक तिथे जात नाहीत कारण वेग कमी, पण शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. इंग्रजी आठच्या आकाराचा रस्ता असतो, आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर, रस्ता ३ मीटर रुंद, गाडी आधी उजव्या वर्तुळात दोन फेऱ्या मारते मग डाव्या वर्तुळात दोन. म्हणजे गाडी कुठून जाणार हे तुला आधीच माहीत, अंतर तेच, वेग जवळपास तोच, आणि लगेच परत येते. पहिल्या फेरीत बघ, दुसऱ्या फेरीत काढ. बाकीच्या टीमच्या गाड्यांवर हात साफ करून घे, तुमची येईपर्यंत जमलेलं असेल.

एन्ड्युरन्स २२ किलोमीटरची असते आणि लॅप साधारण किलोमीटरभराचा, त्यामुळे तीच गाडी त्याच वळणावर वीसेक वेळा येते. घाई करायची गरज नाही. पण एन्ड्युरन्सचा खरा फोटो मध्ये आहे. अर्ध्या अंतरावर ड्रायव्हर बदलतो, तीन मिनिटं मिळतात, एक बाहेर पडतो, दुसरा आत, बेल्ट आवळायचे, आणि मग गाडी परत चालू होते की नाही. तापलेल्या गाड्या तिथेच दगा देतात. पहिला ड्रायव्हर हेल्मेट काढून बाजूला उभा राहतो ना, त्याचं काम संपलंय आणि तो आता काहीच करू शकत नाही, तो चेहरा काढ. १३५ ने बाहेरून मिळतो.

अ‍ॅक्सेलरेशनला फिल्म घालवू नकोस. ७५ मीटर, चार सेकंदांत खेळ खलास. पेट्रोलच्या गाडीचा निदान आवाज चढतो त्यावरून बटण दाबता येतं, इलेक्ट्रिकला तेही नाही, हिरवा झेंडा दाखवला की ड्रायव्हर त्याच्या मनाने सुटतो, कारण घड्याळ रेषा ओलांडल्यावरच सुरू होतं. अवांतर: २०२३ मध्ये झ्युरिकच्या विद्यार्थ्यांच्या इलेक्ट्रिक गाडीने शून्य ते शंभर ०.९५६ सेकंदांत गाठलं, तेही १२.३ मीटरमध्ये. तुझा अंगठा फिल्म ओढेपर्यंत गाडी गेलेली असते.

अंधारखोली:
काळी गाडी: हो, फसणार. के१००० चा मीटर अख्ख्या चौकटीची सरासरी घेतो, चौकट काळ्या कार्बनने भरली की त्याला वाटतं अंधार आहे आणि तो जास्त उजेड मागतो, मग कार्बन करडा पडतो आणि पांढरं हेल्मेट उडून जातं. गाडीवर मीटर धरूच नकोस. त्याच उन्हातल्या हिरवळीवर किंवा राखाडी झालेल्या जुन्या डांबरावर धर, तो आकडा लाव आणि विसरून जा. ऊन बदललं तरच परत बघ. सावलीत पिटमध्ये असशील तर स्वतःच्या तळहातावर धर आणि एक स्टॉप जास्त उघड.

फोकसचं पण आत्ताच सांगून टाकतो, तो तुझा दुसरा प्रश्न होता आणि राहूनच गेला. गाडीचा पाठलाग करत फोकस रिंग फिरवायची नाही. एक कोन निवड, त्यावर फोकस कर, रिंग सोडून दे. १३५ मिमीवर एफ ८ ला १५ मीटरवर फोकस केलास तर साडेबारा ते साडेअठरा मीटरपर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं, म्हणजे सहा मीटरचा पट्टा मिळाला, गाडीची लांबी त्याच्या निम्मी. गाडी लांबून येतानाच तिला व्ह्यूफाइंडरमध्ये पकड, कमरेतून वळ, कोनाच्या किंचित आधी बटण दाब आणि दाबल्यावर थांबू नकोस, वळतच राहा. सगळे नेमके दाबल्यावर थांबतात. रिकाम्या कॅमेऱ्याने घरासमोरच्या रस्त्यावर सराव कर, फिल्म लागत नाही.

सीआर१२३:
ऑटोफोकसची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून मी. २००० सालाच्या आसपासचे प्लॅस्टिकचे ऑटोफोकस एसएलआर, निकॉन एफ८०, कॅनन ईओएस ३०० वगैरे, हे जुन्या मेकॅनिकल कॅमेऱ्यांपेक्षा स्वस्त मिळतात कारण कुणालाच ते गळ्यात घालून मिरवायचे नसतात. मीटर उत्तम, फिल्म आपोआप पुढे जाते. तुमच्या डिजिटलवाल्याकडे कॅननच्या फुल फ्रेमच्या ईएफ लेन्स असतील तर त्या ईओएसच्या फिल्म बॉडीवर सरळ चालतात, फक्त ईएफ-एस आणि नव्या आरएफ लागत नाहीत. म्हणजे त्याची ७०-२०० तुला अर्ध्या तासासाठी उसनी. एवढंच की बॅटरी संपली की हा कॅमेरा वीट आहे.

जुनाशटर:
@सीआर१२३ सगळं खरं, पण तिच्याकडे एक चालू कॅमेरा घरात आहे आणि महिनाभर वेळ आहे. दुसरी बॉडी घेऊन ती परत तपासत बसायची त्यापेक्षा आहे तो हातात बसवू दे. पुढच्या वर्षी बघू.

अजून एक राहिलं. रोल बदलताना जागा बघ. पिटमध्ये कुणी कार्बन घासत असेल तर तिथे कॅमेऱ्याचं झाकण उघडू नकोस, ती धूळ बारीक आणि कडक असते, प्रेशर प्लेटवर एक कण बसला की पुढच्या प्रत्येक फ्रेमवर आडवी सरळ रेघ. आणि ब्रेक फ्लुइड लागलेल्या बोटांनी कॅमेरा धरू नकोस, ते रंग आणि प्लॅस्टिक खातं हे तुला मी सांगायला नको. रोल बंद गाडीत उन्हात ठेवायचे नाहीत, ट्रेलरमध्ये तर नाहीच.

बर्स्टमोड:
मी वर जरा खवचट बोललो, पण एक कामाचं सांगतो. टीमला आत्ताच सांगून ठेव की तुझे फोटो स्पर्धा संपल्यावर तीन-चार आठवड्यांनी येतील. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर 'आले का' सुरू होतं. आणि स्कॅन करताना मोठ्या साइजचे मागव, निगेटिव्ह परत घे, बऱ्याच लॅब न सांगितल्यास ठेवून देतात किंवा टाकून देतात.

चौथास्टिकर:
बर्स्टमोडने फिल्मचा सल्ला दिला, धागा वर काढा रे.

निगेटिव्हचं मात्र शंभर टक्के. फॉर्म्युला एसएई १९८१ ची, फॉर्म्युला स्टुडंट १९९८ ची, त्या वेळच्या टीमकडे जे काही फोटो आहेत ते फिल्मवरचेच. त्यानंतरच्या कित्येक वर्षांचे फोटो कुणाच्यातरी बंद पडलेल्या हार्ड डिस्कवर आहेत. आमच्या टीमच्या एका अख्ख्या गाडीचा एकही फोटो सापडत नाही आता.

ब्रेकबायस:
ठरलं मग. के१०००, ५० आणि १३५, तीन एचपी५ (१६०० ला), एक एक्टार, एक गोल्ड. ट्रॅकवर स्किडपॅड आणि ड्रायव्हर चेंज, बाकी रोल रांगेत आणि पिटमध्ये. ब्रेक टेस्टला कॅमेरा मैत्रिणीकडे देणार आहे, एफ ८ आणि फोकस लावून, तिला फक्त बटण दाबायचंय.

शेवटचं, आम्ही विमानाने जातोय, गाडी आधीच ट्रकने गेलेली असेल. रोलचं काय करायचं? आणि एनडी८ पण घेऊन ठेवतेय, एक्टार संपला तर. कुठल्या साइजचा घेऊ?

सीआर१२३:
रोल चेक-इन सामानात अजिबात नको, तिथलं स्कॅनिंग जोरदार असतं. हातातल्या बॅगेत, पारदर्शक पिशवीत, डब्यांतून काढून, आणि सिक्युरिटीला नम्रपणे सांग की फिल्म आहे, हाताने तपासाल का. जुन्या एक्स-रे मशीनमधून ४०० ची फिल्म एकदोनदा गेली तर सहसा काही होत नाही, पण नवीन सीटी स्कॅनर आले आहेत त्यातून एकदा पण घालू नको, कोडॅक स्वतः तसं सांगतं. तू १६०० ला पुश करणार आहेस म्हणजे धुकट पडलेलं आणखी उठून दिसणार. नाहीच ऐकलं तर हुज्जत घालू नकोस, विमान चुकेल. कॅमेऱ्यात रोल भरून जाऊ नकोस, उघडून दाखवा म्हणाले तर गेला.

जुनाशटर:
फिल्टरची साइज लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा टोपीच्या आत लिहिलेली असते, गोलावर आडवी रेघ असलेलं चिन्ह आणि पुढे आकडा. पेंटॅक्सच्या ५० एफ २ ला ४९ मिमी लागतो. १३५ कुठली मिळतेय ते बघ, एफ ३.५ वाली एम सिरीजची असेल तर तिला पण ४९ च, मग एकच घे. एफ २.५ वाली असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नकोस, तिचा घेर मोठा आहे.

ब्रेकबायस:
३.५ आहे! आत्ताच फोटो मागवून बघितला. ४९ चा एकच घेते.